मत्स्यगृहातील पंप, विजेचा खर्च व बॅटरीची तरतूद

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेच्या टाकीतील रंगीत माशांचे जग सर्वसामान्य जनतेस जवळून पाहावयास मिळाले. पुढे शोभिवंत मासे पाळण्याचा छंद शहरांतून पसरत गेला व त्याबरोबर या माशांना बाजारपेठ लाभली. आज गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश, एंजल, गुरामी, कोई इत्यादी माशांची पैदास हा घराच्या परसात, एका लहानशा शेडमध्ये करता येण्याजोगा जोडधंदा झाला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही शोभिवंत माशांच्या संवर्धनास स्थान देण्यात आले.

या धंद्यास जागा थोडी लागते आणि पाणीही थोडे लागते. परंतु थोड्या पाण्यात पुष्कळ मासे ठेवावयाचे असल्याने त्यांचे जीवित सर्वस्वी पंपावर अवलंबून राहते. गावतळ्यातील मासा वीज गेली म्हणून मरत नाही. टाकीतील मासा मात्र मरतो. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे असंख्य खांब मोडून पडले व कोकणातील अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई या शहरांचा वीजपुरवठाही एकाएकी बंद पडला. म्हणजे खेड्यात असो वा शहरात, वीज कधीच जाणार नाही असे गृहीत धरून मत्स्यगृह चालविणे हिताचे नाही.

यावर उपाय म्हणून पुष्कळ मत्स्यपालक बाजारात जाऊन मोठ्यात मोठी बॅटरी घेऊन येतात व सर्व पंप तिला जोडतात. असे करण्यात पैसा अधिक जातो आणि अडचणीच्या रात्री ती बॅटरी पुरतेच असेही नाही. बॅटरी मोठी करण्यापूर्वी तिच्यावरील भार लहान करावा, हे या विषयातील मुख्य सूत्र होय. तो कसा करावा व त्यानुसार बॅटरीचे माप कसे काढावे याचे विवेचन पुढे केले आहे.

पंपाची दोन कामे

मत्स्यगृहात सामान्यतः दोन प्रकारचे पंप असतात. पहिला हवापंप. तो नळीवाटे सच्छिद्र दगडातून, म्हणजे एअर स्टोनमधून, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतो. दुसरा पाणी फिरविणारा पंप. तो टाकीतील पाणी गाळणीतून काढून पुन्हा टाकीत सोडतो.

बुडबुड्यांतील प्राणवायू थेट पाण्यात विरघळतो हे खरे. तथापि लहान टाकीत त्यांचे मोठे काम म्हणजे तळाचे पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवणे हे होय. हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो बव्हंशी पृष्ठभागातून. पाणी स्थिर राहिल्यास वरचा पातळसा थर तेवढा प्राणवायूने भरतो व खालच्या पाण्यास तो मिळत नाही.

पाणी फिरविणाऱ्या पंपाचे काम निराळे आहे. माशांच्या उत्सर्गातून व कुजलेल्या खाद्यातून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. गाळणीत वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो.

वीज गेल्यावर ही दोन्ही कामे थांबतात. परंतु दोहोंपासूनचा धोका सारख्याच वेगाने येत नाही. प्राणवायूची उणीव तासा-दोन तासांत जिवावर बेतते. अमोनिया त्या मानाने सावकाश वाढतो व खाद्य बंद ठेवल्यास आणखी सावकाश वाढतो. म्हणून संकटकाळी पहिला मान हवापंपाचा व दुसरा मान पाणी फिरविणाऱ्या पंपाचा, हा क्रम कायम लक्षात ठेवावा.

वीज गेल्यावर हाती किती वेळ असतो?

गोड्या पाण्यात प्राणवायू फारसा विरघळत नाही. २० अंश सेल्सिअस तापमानास एका लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांस ८.३ मिलिग्रॅम व ३० अंशांस ७.५ मिलिग्रॅम इतकीच त्याची कमाल मर्यादा असते. पाणी जितके उष्ण तितका प्राणवायू कमी. उलट उष्ण पाण्यात माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. खाऱ्या पाण्यात ही मर्यादा आणखी खाली येते. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात ती लिटरला ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणून क्लाउनफिशसारखे समुद्री मासे पाळणाऱ्यांनी अधिकच दक्ष असावे.

आता एक उदाहरण घेऊ. ५०० लिटरच्या टाकीत एकूण दीड किलो वजनाचे मासे आहेत. उन्हाळ्यातील रात्र असून वीज गेली तेव्हा पाण्यात लिटरला ६.५ मिलिग्रॅम प्राणवायू आहे. तो ३ मिलिग्रॅमपर्यंत उतरला की बहुतेक मासे कासावीस होऊन पृष्ठभागाशी तोंड काढू लागतात. म्हणजे वापरता येण्याजोगा साठा ३.५ गुणिले ५००, अर्थात १,७५० मिलिग्रॅम इतका. स्थूलमानाने एक किलो मासे तासाला ३०० मिलिग्रॅम प्राणवायू घेतात असे धरल्यास दीड किलो मासे ४५० मिलिग्रॅम घेतील. तळाचा गाळ व जिवाणू यांच्यासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे २२५ मिलिग्रॅम धरू. एकूण खर्च तासाला ६७५ मिलिग्रॅम. या हिशेबाने साठा सुमारे अडीच तास पुरतो.

याच टाकीत मासे दुप्पट, म्हणजे तीन किलो असतील तर अवधी सव्वा तासावर येतो. वीज जाण्यापूर्वी नुकतेच खाद्य दिले असेल तर तो आणखी घटतो, कारण खाल्ल्यानंतर माशांचा श्वासोच्छ्वास वाढतो. पृष्ठभागातून आपोआप शिरणारा थोडा प्राणवायू या हिशेबात धरलेला नाही. परंतु त्यावर विसंबून राहू नये. रात्री दहा वाजता गेलेली वीज पहाटे पाच वाजता आली, तर मधल्या सात तासांत दाट टाकीतील मासे वाचण्याची आशा धरता येत नाही. वर्षभर जोपासलेले प्रजननक्षम नर-माद्या अशा एका रात्रीत गेल्यास पुढील हंगामाचे बीजही त्यांच्याबरोबर जाते. ही हानी बॅटरीच्या किमतीहून कितीतरी मोठी असते.

सर्व जातींची सहनशक्ती सारखी नसते. गुरामी व फायटर या माशांना श्वसनाचे जादा इंद्रिय असल्याने ते पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतात. गोल्डफिश, कोई व एंजल यांना ही सोय नाही. म्हणून हवा अपुरी असेल तेव्हा ती प्रथम या दुसऱ्या वर्गातील माशांना व दाट टाक्यांना द्यावी.

पंप किती वीज घेतो?

विजेचे एक युनिट म्हणजे १,००० वॅटचे उपकरण एक तास चालविण्यास लागणारी वीज. पंपाचे वॅट, रोजचे तास व दिवस यांचा गुणाकार करून त्यास १,००० ने भागले की युनिटे मिळतात. पंप दिसण्यात लहान असला तरी तो चोवीस तास चालतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

समजा, एका शेडमध्ये ५०० लिटरच्या १२ टाक्या आहेत. सर्वांना मिळून ४० वॅटचा एक हवापंप व ८५ वॅटचा पाणी फिरविणारा एक पंप आहे. दिव्यांचे ४० वॅट रोज १० तास चालतात. मग रोजचा हिशेब असा होईल :

हवापंप : ४० वॅट, २४ तास, ०.९६ युनिट.
पाण्याचा पंप : ८५ वॅट, २४ तास, २.०४ युनिटे.
दिवे : ४० वॅट, १० तास, ०.४० युनिट.
एकूण : ३.४० युनिटे, ३० दिवसांच्या महिन्यास १०२ युनिटे.

युनिटास ८ रुपये दर धरल्यास महिन्याचा खर्च ८१६ रुपये येतो. प्रत्येकाने आपल्या वीजबिलावरील दराने हा हिशेब करावा. यातील ६१ युनिटे एकटा पाण्याचा पंप घेतो. म्हणून काटकसरीस आरंभ करावयाचा तो तेथूनच.

पंपावरील चिठ्ठीवर लिहिलेले वॅट व प्रत्यक्ष घेतलेले वॅट यांत पुष्कळदा फरक असतो. विजेच्या दुकानात मिळणारा लहान वॅटमापक प्लगमध्ये लावून प्रत्यक्ष मोजणी करावी. केवळ व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार करून काढलेला आकडा मोटारीच्या बाबतीत वॅटपेक्षा अधिक येतो, हेही लक्षात असावे.

भार कमी करण्याचे उपाय

एका सेकंदास एक लिटर पाणी एक मीटर उंच चढविण्यास सिद्धान्ततः सुमारे १० वॅट पुरतात. वरील शेडमधील पंप तासाला ३,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटर पाणी दीड मीटर चढवितो असे मानल्यास त्यास १५ वॅट पुरावयास हवेत. प्रत्यक्षात तो ८५ वॅट घेतो. लहान पंपांची कार्यक्षमता मुळातच कमी असते व बाकीची वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून चढ, वळणे व घर्षण यांपैकी जे जे टाळता येईल ते टाळावे.

पहिला उपाय चढ कमी करण्याचा. गाळणीची टाकी जमिनीवर ठेवून पाणी दीड मीटर चढविण्याऐवजी ती उंच चौथऱ्यावर घेतली व चढ एक मीटरवर आणला, तर लहान पंप चालू शकतो. पंप ८५ वॅटऐवजी ५५ वॅटचा झाल्यास वर्षास सुमारे २६३ युनिटे वाचतात.

दुसरा उपाय नळाचा. अरुंद नळ व काटकोनी वळणे यांमुळे ओघ घटतो. पंपाच्या तोंडाएवढा वा त्याहून थोडा रुंद नळ घ्यावा व वळणे कमीत कमी ठेवावीत.

तिसरा उपाय स्वच्छतेचा. पंपाच्या पंख्यावर साचलेला चुना व शेवाळ, तुंबलेला स्पंज आणि बुजलेला एअर स्टोन यांमुळे वीज तितकीच लागून काम मात्र निम्मे होते. पंप महिन्यातून एकदा उघडून धुवावा. एअर स्टोन बुजल्यास वाळवून घासावा, अन्यथा बदलावा. स्पंज धुताना नळाचे क्लोरिनयुक्त पाणी न वापरता टाकीतून काढलेले पाणी वापरावे, म्हणजे उपयुक्त जिवाणू नष्ट होत नाहीत.

चौथा उपाय हवेनेच पाणी फिरविण्याचा. उभ्या नळीच्या तळाशी हवा सोडली असता बुडबुड्यांबरोबर पाणीही वर चढते. स्पंजची गाळणी याच तत्त्वावर चालते. प्रत्येक टाकीत अशी गाळणी बसविल्यास हवा देणे व पाणी गाळणे ही दोन्ही कामे एकाच हवापंपावर होतात. वीज गेल्यावरही एका लहान हवापंपाने माशांचा श्वास व गाळणीतील जिवाणू दोन्ही राखले जातात. बॅटरीच्या दृष्टीने ही मांडणी सर्वांत सोयीची आहे.

पाचवा उपाय वेग कमी-जास्त करता येणाऱ्या डी.सी. पंपाचा. अशा पंपाचा वेग १०० वरून ८० वर आणला असता पाणी सुमारे पाचव्या हिश्शाने घटते; परंतु केवळ पाणी ढवळण्याचे काम असेल तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते. पाणी उंच चढवावयाचे असेल तेथे मात्र इतकी बचत होत नाही.

बॅटरीचे माप कसे काढावे?

बॅटरीवर व्होल्ट व अँपिअर-तास हे दोन आकडे लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास साठतात. परंतु तेवढे सर्व वापरता येत नाहीत. शिशाच्या बॅटरीतील निम्म्याहून अधिक साठा वारंवार काढल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय इन्व्हर्टरमधून वीज घेताना तिचा काही भाग वाया जातो, आणि जुनी होत जाणारी बॅटरी नव्याइतका साठा धरीत नाही. या तिन्ही गोष्टी हिशेबात घेतल्या पाहिजेत.

आपल्या गावी वीज एका वेळी जास्तीत जास्त किती तास जाते हे प्रथम ठरवावे. त्यासाठी वर्षभर एका वहीत नोंद ठेवणे उत्तम. आता वरील शेडसाठी ८ तासांची तरतूद तीन प्रकारे करून पाहू.

पहिला प्रकार : दोन्ही पंप इन्व्हर्टरवर. भार १२५ वॅट. ८ तासांस १,००० वॅट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता शेकडा ८५ धरल्यास बॅटरीतून १,१७६ वॅट-तास घ्यावे लागतील. निम्माच साठा वापरावयाचा म्हणून त्याची दुप्पट, २,३५२ वॅट-तास. म्हणजे १९६ अँपिअर-तास. बॅटरी जुनी झाल्यावर शेकडा ८० साठा धरील असे मानून माप २४५ अँपिअर-तासांवर जाते.

दुसरा प्रकार : केवळ हवापंप इन्व्हर्टरवर. भार ४० वॅट. परंतु घरगुती इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठीच साधारण १० ते २० वॅट घेतो. तो १५ वॅट धरल्यास एकूण ५५ वॅट. ८ तासांस ४४० वॅट-तास. दुप्पट केल्यावर ८८०, म्हणजे ७३ अँपिअर-तास. जुनेपणाची तरतूद धरून ९१ अँपिअर-तास.

तिसरा प्रकार : १२ व्होल्टवर थेट चालणारा १८ वॅटचा हवापंप. हवा नेहमीच्या निम्मी मिळते, पण खाद्य बंद असताना ती प्राणरक्षणास पुरते. ८ तासांस १४४ वॅट-तास. दुप्पट केल्यावर २८८, म्हणजे २४ अँपिअर-तास. जुनेपणाची तरतूद धरून ३० अँपिअर-तास.

शेड तेच, मासे तेच आणि रात्रही तीच. परंतु बॅटरीचे माप २४५ वरून ३० वर आले. ही बचत बॅटरीच्या जातीमुळे झालेली नाही, तर संकटकाळी कोणते काम चालू ठेवावयाचे हे आधी ठरविल्यामुळे झाली आहे. वाचलेल्या पैशांत मोठी बॅटरी घेण्यापेक्षा तशीच दुसरी लहान बॅटरी व दुसरा हवापंप राखीव ठेवणे अधिक शहाणपणाचे होय, कारण एक बिघडल्यास दुसरी कामास येते.

कोणती बॅटरी घ्यावी?

मोटारगाडीची बॅटरी या कामास योग्य नाही. इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देणे हे तिचे काम. तासन् तास थोडा थोडा प्रवाह देत राहिल्याने ती लवकर निकामी होते. इन्व्हर्टरसाठी बनविलेली ट्यूब्युलर बॅटरी त्यापेक्षा टिकाऊ असते. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी महाग असली तरी वजनाने हलकी असते व तिचा शेकडा ८० साठा निर्धास्तपणे वापरता येतो. वरील तिसऱ्या प्रकारात ती जुनेपणाची तरतूद धरूनही १८ अँपिअर-तासांची पुरेल. मात्र तिला तिच्याच जातीचा चार्जर लावावा.

इन्व्हर्टर घेणे झाल्यास साइन वेव्ह प्रकारचा घ्यावा. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोटारी तापतात व चुंबकीय हवापंप घरघर करतात. मोठ्या शेडमध्ये अर्ध्या अश्वशक्तीचा ब्लोअर असल्यास तो चालू असताना सुमारे ३७५ वॅटचे काम देतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. इन्व्हर्टर तो झटका सोसणारा आहे याची खात्री विक्रेत्याकडे प्रत्यक्ष चालवून करून घ्यावी.

जोडणी व सुरक्षितता

वीज रात्री जाते तेव्हा मत्स्यपालक झोपेत असतो. म्हणून बॅटरीवरील पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. साध्या रिलेने हे काम होते. वाहिनीची वीज असेपर्यंत रिले बॅटरीचा मार्ग तोडून धरतो व वीज जाताच तो मार्ग जोडला जातो. त्याच्याच जोडीला झोपण्याच्या खोलीत एक घंटा बसवावी. ही घंटा बॅटरीवर चालणारी असावी. वाहिनीच्या विजेवरची घंटा गरजेच्या वेळी मुकी राहते.

बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. १२ व्होल्टच्या जोडणीत तार बारीक असल्यास व्होल्ट वाटेतच गळतात. १८ वॅटचा पंप १० मीटर अंतरावर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडल्यास सुमारे एक व्होल्ट कमी होतो. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही घट एक-तृतीयांश व्होल्टवर येते.

हवापंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. तो खाली असल्यास वीज जाताच पाणी नळीतून उलट वाहून पंपात शिरते. तसे ठेवणे शक्य नसेल तर नळीत एकदिशा झडप बसवावी. त्याचप्रमाणे पाण्याचा पंप थांबल्यावर वरच्या टाक्यांतील थोडे पाणी खालच्या गाळणीच्या टाकीत उतरते. तेवढी जागा तिथे मोकळी ठेवली नसेल तर शेडमध्ये पाणी सांडते.

पाणी व वीज यांचा संबंध येथे पदोपदी येतो. सर्व जोडण्यांस अर्थिंग असावे व ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरक्षक स्विच बसवावा. प्लगाकडे जाणारी वायर आधी खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगात न जाता खाली गळते. टाकीत हात घालण्यापूर्वी पंप बंद करावा. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी व तिच्याजवळ विडी-काडी नेऊ नये.

शेडची वीजजोडणी कोणत्या वाहिनीवर आहे हेही पाहावे. कृषिवाहिनीवर वीज पाळीने मिळते. चोवीस तास चालणाऱ्या मत्स्यगृहास ती पुरेशी नाही. शक्य असेल तेथे गावठाण वाहिनीवरील जोडणी घ्यावी.

निगा व चाचणी

बॅटरी आणून ठेवली म्हणजे काम संपले असे नाही. तिच्यातील पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहावी व शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. टोके स्वच्छ ठेवून त्यांस व्हॅसलिन लावावे. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचा दाब विसावलेल्या स्थितीत सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो, १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते, व ११.९ च्या खाली ती जवळजवळ संपलेली समजावी.

खरी परीक्षा मात्र प्रत्यक्ष चालविण्याचीच. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मुख्य स्विच स्वतः बंद करावा. पंप आपोआप सुरू होतो का, घंटा वाजते का, सर्व टाक्यांत बुडबुडे येतात का, हे पाहावे. वर्षातून दोनदा, विशेषतः मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे वादळवाऱ्यापूर्वी, ठरविलेले पूर्ण ८ तास बॅटरीवर पंप चालवून पाहावा. त्यात ती आधीच थकली तर तिचा भरवसा संपला असे समजून ती बदलावी.

वीज अनेक दिवस गेल्यास

बॅटरी ही काही तासांची सोय आहे. निसर्ग चक्रीवादळासारख्या प्रसंगी वीज कित्येक दिवस येत नाही. तेथे बॅटरी पुन्हा भरण्याचे साधन लागते. लहान जनित्र असल्यास ते दिवसातून काही तास चालवून बॅटरी भरून घ्यावी. मात्र पंप जनित्रावर अखंड चालवीत बसू नये. त्यात इंधन फार जाते. जनित्र नेहमी उघड्यावर ठेवावे, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बंद खोलीत माणसाचा प्राण घेतो. १०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४०० वॅट-तास वीज देते. १८ वॅटचा हवापंप दिवसरात्र चालविण्यास ४३२ वॅट-तास लागतात. म्हणजे उन्हाळ्यात असे पॅनेल हा भार जवळजवळ पेलू शकते; पावसाळी ढगांत मात्र त्याच्यावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अनेक शेजारी हा धंदा करीत असल्यास सर्वांनी मिळून एक जनित्र ठेवणे सोयीचे पडते.

वीज गेल्यावर पाळावयाचे नियम

१. खाद्य ताबडतोब बंद करावे. निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाहीत.
२. प्रथम दाट टाक्यांकडे व गोल्डफिश, कोई यांच्याकडे लक्ष द्यावे.
३. टाक्यांवरील झाकणे काढावीत व शेडची खिडक्या-दारे उघडावीत.
४. बॅटरी नसल्यास तांब्याने वा बादलीने टाकीतीलच पाणी घेऊन ते हातभर उंचीवरून धार धरून पुन्हा ओतावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी असे केल्यास पुष्कळ मासे वाचतात.
५. पाणी तापले असल्यास थोडे थंड, क्लोरिनरहित पाणी हळूहळू मिसळावे. एकदम मोठा बदल करू नये.
६. बंद डब्याच्या गाळणीतील पाणी काही तास साचून राहिल्यास त्यातील जिवाणू गुदमरतात व पाणी सडते. वीज आल्यावर ते पाणी टाकीत न सोडता फेकून द्यावे, गाळणी टाकीच्या पाण्याने खळाळावी व मगच पंप सुरू करावा.
७. वीज आल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस खाद्य थोडे द्यावे, कारण गाळणीस पूर्ववत होण्यास अवधी लागतो.

शोभिवंत मत्स्यसंवर्धनात जागा, बीज, खाद्य व औषध यांवर मत्स्यपालक काळजीपूर्वक खर्च करतो. त्याच काळजीने त्याने कागद-पेन्सिल घेऊन आपल्या पंपांचे वॅट, आपल्या टाक्यांतील मासे व आपल्या गावातील वीज जाण्याचे तास यांचा हिशेब मांडावा. हा हिशेब एका संध्याकाळी पुरा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर तो मांडून तीस अँपिअर-तासांची एक बॅटरी व एक लहान हवापंप तयार ठेवला, तर वादळाच्या रात्रीही टाकीतील पाणी हलते राहील व सकाळी मासे जिवंत सापडतील.